सल्लागाराचे मूल

शिक्षणखात्यातील सल्लागाराचे काम वरवर पाहता निरुपद्रवी वाटते. त्याला कोणाची बदली करता येत नाही, की एखाद्या शाळेचे अनुदान अडविता येत नाही. तो टिपण लिहितो. निर्णय दुसरे घेतात आणि त्या निर्णयाची फळे तिसरेच भोगतात. या अलिप्ततेतच त्याच्या कामातील नैतिक पेच दडलेला आहे. जो सल्ला आपण लोकांना देतो, तो स्वतःच्या घराला लागू करण्याचे बंधन आपल्यावर आहे काय?

महाराष्ट्राबाहेरील एका राज्यात असे काम करीत असताना आम्ही परिसरशाळेच्या बाजूने एक सविस्तर टिपण लिहिले. वस्तीतील सर्व मुलांनी, मग ती कोणत्याही जातीची वा ऐपतीची असोत, वस्तीतल्याच शाळेत शिकावे, ही १९६४-६६ च्या कोठारी आयोगाची शिफारस आम्ही मोठ्या हिरिरीने मांडली. त्याच आठवड्यात आम्ही आमच्या मुलाचे नाव केंद्रीय विद्यालयात घातले. टिपण टंकून आणणाऱ्या कारकुनाने अगदी निर्मळ मनाने विचारले, की साहेबांचा मुलगा आता आमच्याच मोहल्ल्यातील शाळेत येणार ना? आम्ही बदलीचे कारण सांगितले. ते खोटे नव्हते. बदलीच्या नोकरीतील लोकांच्या मुलांची आबाळ होऊ नये, म्हणूनच तर १९६३ पासून ती विद्यालये निघाली. तरीही उत्तर देताना आमची नजर खाली गेली.

कोणी म्हणेल, वैद्य स्वतः पथ्य पाळीत नसला, म्हणून त्याचे औषध खोटे ठरत नाही. हे खरे, परंतु येथे हा दृष्टान्त लागू पडत नाही. वजनदार माणसांची मुले त्या शाळेत आली, म्हणजे ती माणसे सार्वजनिक शिक्षणात लक्ष घालतील आणि शाळा सुधारतील, हेच तर आयोगाचे एक मुख्य कारण होते. म्हणजे या औषधात आम्ही स्वतःच एक घटकद्रव्य होतो, आणि तेच आम्ही काढून घेतले होते.

आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक पुढे भारत सरकारचे शिक्षण सल्लागार झाले. परंतु त्याआधी गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत त्यांनी ग्रामीण शिक्षणाचा अनुभव घेतलेला होता. असे अधिष्ठान प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही.

मग आमच्यासारख्यांनी काय करावे? बापाच्या तत्त्वनिष्ठेचे प्रायश्चित्त मुलाने का घ्यावे, हा प्रश्न आम्ही हसण्यावारी नेऊ शकत नाही. दर तीन वर्षांनी नवी लिपी आणि नवे पाठ्यक्रम ज्यांच्या मुलांपुढे उभे राहतात, त्या वाचकांना तो समजावून सांगण्याची गरज नाही. तथापि एवढे तरी आपल्या हाती आहे: जो सल्ला आपल्याला पाळता येत नाही, त्याच्याखाली आपली अडचणही नोंदवावी. या शिफारशीतून कोण सुटतो, का सुटतो, आणि सुटणाऱ्यांत लिहिणारा स्वतः आहे काय, हे टिपणातच असावे.

आमच्या त्या टिपणात अठरा परिच्छेद होते. हा एकोणिसावा आम्ही लिहिला नाही. कारकुनाने मात्र तो न लिहिताच वाचला होता.