अंगण खरंच वाकडं असेल तर?

‘नाचता येईना अंगण वाकडे’ ही म्हण ज्याने कोणी पहिल्यांदा वापरली, तो नक्की अंगणाचा मालक असणार. कारण या म्हणीत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: अंगण सरळ आहे. ते कोणी तपासलं, कशाने तपासलं, हे म्हण सांगत नाही. तक्रार करणाऱ्याने तक्रार केली, यातच तो नाचू शकत नाही हे सिद्ध झालं. शाळेत, घरात, ऑफिसात ही म्हण इतक्या वेळा ऐकलीये की आपण स्वतःलाही ती ऐकवतो. परीक्षा नीट गेली नाही, मुलाखतीत गडबडलो, प्रोजेक्ट लांबला, की कारण ओठांवर यायच्या आत मनातून आवाज येतो, ‘अंगणाला दोष देऊ नकोस.’

पण अंगणं वाकडी असतात, आणि काही तर खूपच. मग प्रामाणिक माणसाने काय करावं? गप्प बसून नाचत राहावं, की आधी अंगण मोजावं? आणि मोजणाराच नाचणारा असेल, तर त्याच्या मोजणीवर विश्वास कोणी ठेवावा?

या प्रश्नावर सगळ्यात गंभीरपणे काम केलेली माणसं मला एका अनपेक्षित ठिकाणी सापडली. अमेरिकेतले पिस्तूल नेमबाज, जे स्वतःची काडतुसं स्वतः भरतात. मी हौसेने दहा मीटर एअर पिस्तूल चालवतो, त्यापलीकडे माझा बंदुकीशी संबंध नाही. काडतूस भरणं माझ्या वाट्याला आलेलं नाही, येणारही नाही. पण या लोकांची विचार करायची पद्धत मला आमच्या क्षेत्रातल्या पुष्कळ लोकांपेक्षा स्वच्छ वाटते.

खेळाचं नाव बुल्सआय. एका हातात पिस्तूल, दुसरा हात खिशात किंवा पट्ट्यात. लक्ष्य ५० यार्डांवर, म्हणजे साधारण ४६ मीटर. दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास ३.३६ इंच, चहाच्या बशीपेक्षाही लहान. पूर्ण स्पर्धेत २७० गोळ्या, प्रत्येकी जास्तीत जास्त दहा गुण, एकूण २७००. ओहायो राज्यात ईरी सरोवराच्या काठावर कॅम्प पेरी नावाचं मैदान आहे, तिथे १९०७ पासून राष्ट्रीय सामने भरतात. हर्शेल अँडरसन या नेमबाजाने १९७४ साली २७०० पैकी २६८० गुण केले होते. अख्ख्या स्पर्धेत फक्त वीस गुण गेले. एका हाताने पाण्याची भरलेली बाटली समोर धरून मिनिटभर उभं राहून बघा, म्हणजे या आकड्याचा अर्थ कळेल.

२७० पैकी ९० गोळ्या पॉइंट टूटूच्या, त्या कारखान्यातूनच येतात. उरलेल्या १८० मोठ्या काडतुसांच्या. स्पर्धेच्या दर्जाची तयार काडतुसं महाग, आणि सराव तर रोजचा. म्हणून लोक वापरलेली पितळी केस परत घेतात, तिच्यात नवीन प्रायमर बसवतात, मोजून दारू भरतात आणि वर नवी गोळी दाबतात. आपण मराठीत सरसकट ‘गोळी’ म्हणतो, पण खरी गोळी म्हणजे फक्त तो पुढचा तुकडा, जो नळीतून बाहेर पडून लक्ष्यापर्यंत जातो. बाकी सगळं तिला पाठवण्याची व्यवस्था. आणि या लोकांचा सनातन प्रश्न असा: कोणती गोळी जास्त अचूक?

आता गंमत बघा. गोळी हातात घेतली की नजर तिच्या नाकाकडे जाते. नाक टोकदार, सुबक, चकचकीत असेल तर ती सरळ जाईल असं वाटतं. फ्रँकलिन मान नावाचे मॅसॅच्युसेट्सचे एक डॉक्टर होते. त्यांनी कित्येक वर्षं फक्त हाच उद्योग केला: बंदूक भक्कम आधारावर बसवायची, गोळ्या मुद्दाम वेगवेगळ्या जागी बिघडवायच्या आणि त्या कुठे जातात ते बघायचं. १९०९ मध्ये त्यांनी यावर पुस्तक काढलं. नाक बिघडवलेल्या गोळ्या बऱ्यापैकी सरळ जात होत्या. बूड बिघडवलेल्या गोळ्या भरकटत होत्या. कारण गोळी नळीच्या तोंडातून निसटते, त्या क्षणी मागचा वायू तिच्या बुडाभोवतून सुटतो. बूड एका बाजूला जरासं वाकडं असेल तर वायू एकीकडून आधी सुटतो आणि जाता जाता तिला धक्का देतो. म्हणून साध्या लष्करी पद्धतीच्या गोळीपेक्षा पोकळ नाकाची गोळी कागदावर सहसा सरस ठरते. पहिलीचं तांब्याचं आवरण मागून उघडं असतं आणि तिथे शिसं दिसतं. दुसरीचं आवरण बुडाकडून बंद असतं, त्यामुळे बूड एकसारखं निघतं. (रेझ्युमे वाचताना आम्ही लोक नेमकं काय बघतो, हा विचार इथे माझ्या मनात येऊन गेला. असो.)

पण ही झाली तत्त्वाची गोष्ट. तुमच्या पिस्तुलात कोणती गोळी चालते हे मारून बघितल्याशिवाय कळत नाही. आणि मारून बघायचं म्हटलं की म्हणीतला पेच समोर उभा राहतो. छिद्रं पसरली, ती गोळीमुळे की माझ्या हातामुळे?

यावर त्यांच्याकडे एक सरळ उपाय आहे. रॅन्सम रेस्ट नावाचं यंत्र. पिस्तुलाची मूठ काढून सांगाडा त्यात घट्ट बसवायचा, खटका एका दांडीने ओढायचा, प्रत्येक गोळीनंतर पिस्तूल पुन्हा त्याच जागी आणायचं. माणूस बाजूला काढला. आता जो पसारा दिसेल तो पिस्तुलाचा आणि काडतुसाचा. नाचणाऱ्याला बाजूला बसवून नुसतं अंगण मोजण्याचं हे यंत्र. जगात किती भांडणं अशा एका यंत्राअभावी अडून राहिली असतील!

त्यातून एक गणित निघतं. हाताचा पसारा आणि पिस्तुलाचा पसारा एकमेकांत साधे मिळवले जात नाहीत. दोन्ही स्वतंत्र असतील तर त्यांच्या वर्गांची बेरीज होते. दहावीचा पायथागोरस. समजा नवशिक्याच्या हाताचा पसारा ८ इंच आहे आणि काडतुसाचा ४. एकूण सुमारे ८.९. त्याने महिनाभर खपून काडतुसाचा पसारा निम्म्यावर, २ इंचांवर आणला. एकूण झाला सुमारे ८.२. एवढी मेहनत आणि हाती पाऊण इंचही नाही. आता एक मुरलेला नेमबाज घ्या, हाताचा पसारा ३ इंच. काडतूस ४ इंचांचं असेल तर एकूण बरोबर ५. तेच काडतूस २ इंचांवर आणलं की एकूण ३.६. म्हणजे म्हण नवशिक्याच्या बाबतीत बऱ्याच अंशी खरी आहे आणि जसजसा माणूस तयार होतो तसतशी ती खोटी पडत जाते. उत्तम नर्तकाने अंगणाबद्दल तक्रार केली तर ती गांभीर्याने ऐकावी. आपण नेमकं उलट करतो. त्याला म्हणतो, तू एवढा मोठा, तू तर कुठेही नाचशील.

हे नेमबाज म्हणूनच एक शहाणपणा करतात. २५ यार्डांच्या फेऱ्यांसाठी बरेच जण स्वस्त शिशाची गोळी भरतात, आणि महागडी, आवरणवाली ५० यार्डांसाठी राखून ठेवतात. जवळच्या अंतरावर तिचा फरक कागदावर उमटतच नाही.

पण नवशिक्याचं प्रकरण एवढ्यावर मिटत नाही, आणि मला या विषयात खरं टोचतं ते इथेच. समजा त्याचं काडतूस फारच वाईट आहे, पसारा १० इंच. पायथागोरस म्हणेल, गुण कमी पडतील. पण त्याहून वाईट एक गोष्ट घडते. त्याने खटका अगदी लोण्यासारखा दाबला आणि गोळी सहाच्या वर्तुळात गेली. पुढच्या वेळी हिसका दिला आणि दहात लागली. कागद त्याला धडाधड खोटं सांगतोय. तो बरोबर केलेलं सोडून देईल आणि चुकलेलं घोटत बसेल. वाईट साधन गुण तर कमी करतंच, ते शिकण्याची सोयही काढून घेतं.

गावाकडून कोणी मुलगी अर्ध्या रेंजच्या मोबाईलवर व्हिडिओ अडकत अडकत बघून सीईटीची तयारी करते आणि शेवटी स्वतःबद्दल जो निष्कर्ष काढते, तो मला या कागदासारखा वाटतो. तिला मिळालेल्या मार्कांत तिचा हात किती आणि अंगण किती, हे वेगळं करणारं यंत्र कोणाकडेच नाही. तरी निष्कर्ष मात्र ठाम असतो: ‘मला गणित जमत नाही.’ तिला ‘अंगणाला दोष देऊ नकोस’ असं सांगणं याला मी संस्कार म्हणणार नाही. तो सरळ मोजमापाचा गोंधळ आहे आणि त्याची किंमत ती एकटी भरते. रॅन्सम रेस्टही फुकट येत नाही, हे इथेच लिहून ठेवतो. अंगण मोजायची सोयसुद्धा बहुधा त्यालाच असते, ज्याचं अंगण आधीच बरं आहे.

बरं, यंत्र नसेल तर? बहुतेक नेमबाजांकडे नसतंच. ते टेबलावर हात टेकवून मारतात आणि मग सुरू होतो स्वतःला फसवण्याचा खेळ. पाच गोळ्यांचा एक गट मारायचा, छान आला की फोटो काढायचा. एकच काडतूस, एकच पिस्तूल, एकच माणूस, तरी पाच-पाच गोळ्यांच्या दहा गटांत सगळ्यात मोठा गट सगळ्यात लहानाच्या सहज दुप्पट निघू शकतो. दहा प्रकारच्या गोळ्या अगदी सारख्याच असल्या तरी प्रत्येकीचा एकेकच गट मारला, तर त्यात कोणीतरी ‘विजेती’ ठरणारच. मग माणूस तिच्यावर वर्षभर श्रद्धा ठेवतो.

आणि एखादी गोळी भलतीकडे गेली की तिच्यासाठी शब्द तयार आहे: फ्लायर. चार जवळ, एक लांब. ‘ती माझ्याकडून सुटली, ती धरू नका.’ आमच्याकडे याचा सख्खा भाऊ आहे. टेस्ट फेल झाली की ‘ती फ्लेकी आहे’ म्हणायचं आणि हिरवी होईपर्यंत पुन्हा चालवायची. ज्या टेस्ट पास झाल्या त्यांतल्या किती नशिबाने झाल्या, हे बघायला कोणी पुन्हा चालवत नाही. शंका फक्त नकोशा निकालावर घेतली जाते.

यावर बुल्सआयवाल्यांची एक सवय मला फार आवडते. गोळी सुटल्याबरोबर, दुर्बिणीतून बघण्याआधी, ती कुठे गेली असेल ते सांगायचं. ‘नऊ, चारच्या बाजूला.’ खटका सुटताना नेम कुठे होता हे सरावलेल्या डोळ्याला माहीत असतं. याला ते शॉट कॉल करणं म्हणतात. बघण्याआधी ‘ही माझ्याकडून सुटली’ असं म्हटलं असेल आणि ती खरंच तिथे निघाली, तर तिची जबाबदारी हाताची. ‘दहा’ म्हटलं आणि सात निघाला, असं वारंवार होत असेल, तर गोळीवर संशय घ्यायचा हक्क मिळाला. बघितल्यानंतर सुचलेलं कारण मात्र मोजायचं नाही. शब्द तेच असतात, पण निकालाआधी उच्चारले की ती साक्ष होते आणि नंतर उच्चारले की सबब.

सिसेरोच्या एका संवादात स्टोइक लोकांचा धनुर्धर येतो. त्यांचं म्हणणं, नेम साधण्यासाठी आपल्या हातात आहे ते सगळं करणं हेच त्याचं खरं ध्येय, बाण लागणं ही फक्त पसंतीची गोष्ट. आपल्याला हे ऐकून गीता आठवते. मलाही हा विचार आवडतो, पण काडतूस भरणाऱ्याच्या टेबलावर तो अडचणीत येतो. ‘आपल्या हातात आहे ते सगळं’ म्हणजे किती? गोळ्या एकेक करून तराजूवर तोलणं हातात आहे. प्रत्येक बूड भिंगाखाली बघणं हातात आहे. रात्रभर तोलत बसून सकाळचा सराव बुडवणंही हातातच आहे! साधन निवडता येतं म्हटलं की अंगणसुद्धा अंशतः आपल्या जबाबदारीत येतं आणि या जबाबदारीला तळ नाही. तिथे मला स्टोइकांपेक्षा पायथागोरस जास्त उपयोगी वाटतो. दोनांपैकी मोठी बाजू कोणती आहे ते बघा, आधी ती कमी करा. ती लहान झाली की दुसरीकडे वळा.

२०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत मनू भाकरच्या पिस्तुलात बिघाड झाला. दुरुस्तीत मोलाची मिनिटं गेली. तिने ५७५ गुण केले, बारावी आली, अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. त्यानंतर आपल्याकडे लोकांनी आपापल्या स्वभावाप्रमाणे निकाल दिले. कोणी म्हणालं, नशीब. कोणी म्हणालं, कारणं. त्या ५७५ मध्ये हात किती आणि यंत्र किती हे आपल्यापैकी कोणालाच सांगता आलं नसतं, पण त्यामुळे कोणी थांबलं नाही.

२०२४ मध्ये पॅरिसला तिने दोन कांस्यपदकं जिंकली, त्यातलं एक याच प्रकारात. मग ‘तिने टीकाकारांना उत्तर दिलं’ असे मथळे आले. मला ते तेव्हाही पटले नाहीत. पॅरिसच्या पदकाने टोकियोतल्या पिस्तुलाबद्दल काहीच सिद्ध होत नाही. तो वेगळा दिवस, वेगळा कागद. पॅरिसहून ती रिकाम्या हाताने परत आली असती, तरी टोकियोत पिस्तूल बिघडलेलं होतं ते होतंच. फक्त तेव्हा ते सांगायची सोय तिला राहिली नसती.