अंतकाळची सेवा आणि द्रव्याचा विवेक

जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी वेगवेगळे करून दाखविले. देह हा प्रपंचातला. तो रचला गेला तसा विरणार. जीव मात्र अनादी व बद्धमुक्त असून त्याची सुटका परमेश्वराच्याच ठायी आहे. हे निरूपण ऐकण्यास सोपे. त्याची परीक्षा होते ती आप्ताच्या मृत्युशय्येपाशी.

वृद्ध वासनिक अतिदक्षता विभागात असतो. रोग आता हटणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितलेले असते. घशात नळी, म्हणून मुखी नाम येत नाही. भेटीची वेळ ठरलेली, म्हणून नाम ऐकविण्यास जवळ कोणी नसते. बाहेर पुत्र शेत गहाण टाकण्याचे बोलतो; ‘बापासाठी काही केले नाही’ असे गावाने म्हणू नये, ही त्याची चिंता. तो खर्च बापासाठी की लोकापवादाच्या भयासाठी, याचा विचार तेथेच केला पाहिजे. भयाला आणि मोहाला सेवा म्हणता येत नाही.

म्हणून औषध नाकारावे काय? मुळीच नाही. बऱ्या होणाऱ्या रोगात कुचराई करणे ही निष्ठुरता, आणि आयुष्य हाताने तोडणे ही हिंसा. अहिंसेच्या या मार्गात तिला थारा नाही. परंतु निरुपयोगी ठरलेले यंत्र न लावणे म्हणजे मारणे नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली हा भेद मान्य केला व २०२३ साली पद्धत सुलभ केली. शुद्धीत असताना दोन साक्षीदारांसमक्ष आपली इच्छा लिहून, नोटरी वा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ती साक्षांकित करून ठेवता येते. पुढे वेळ आली म्हणजे डॉक्टरांची दोन मंडळे रुग्णाची स्थिती तपासतात.

यंत्र नसले तरी सेवा उरतेच. कूस बदलणे, ओठ ओले करणे, वेदना शमविणे, कानी नाम घालणे, ही ती सेवा. तीव्र वेदनेवर मॉर्फिन आहे. २०१४ च्या कायदादुरुस्तीने ते रुग्णांपर्यंत पोहोचविण्याची वाट सुकर झाली. स्वामींच्या उत्तरापंथगमनानंतर नागदेवाचार्य ऋद्धिपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेत राहिले. त्या सेवेत द्रव्य नव्हते, सन्निधान होते.

तरी वासनिकाने देह धड असतानाच आपली इच्छा पुत्र-कन्यांस स्पष्ट सांगावी. ती न सांगितल्यास निर्णयाचा भार आणि कर्जाचा भार, दोन्ही त्यांच्या माथी राहतात.