मोळी कोणाची?

सरकारी रानातून परवान्यावाचून मोळीभर सरपण आणणारी आदिवासी स्त्री सातवी आज्ञा मोडते काय? सेमिनरीत नीतिशास्त्राच्या तासाला असे प्रश्न सोडवताना आम्हांला मौज वाटे, कारण उत्तर पुस्तकात तयार असे. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकातच लिहून ठेवले आहे की, उघड व निकडीच्या गरजेपोटी दुसऱ्याचे घेणे ही चोरी ठरत नाही. बाई निर्दोष सुटते आणि तास संपतो. मात्र या उत्तरात रान ‘दुसऱ्याचे’ आहे हे आधीच मान्य केलेले असते. ते दुसऱ्याचे झाले कधी व कसे, हा प्रश्न तसाच उरतो.

त्याचे उत्तर धर्मशास्त्रात नाही, इतिहासात आहे. इंग्रज सरकारने १८६५ साली पहिला वनकायदा केला आणि १८७८ च्या कायद्याने ‘राखीव’ जंगलाची पकड घट्ट केली. पिढ्यान्‌पिढ्यांच्या वहिवाटीचे कागदोपत्री ‘सवलत’ असे नामकरण झाले. हक्क आणि सवलत या दोन शब्दांतील अंतर आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको. सवलत देणारा ती काढूनही घेऊ शकतो. १९२७ चा वनकायदा तर स्वातंत्र्यानंतरही कायम राहिला. मालक बदलला, कुलूप तेच. कागद कारखान्यांना बांबूची जंगले नाममात्र दराने पट्ट्याने मिळाली; त्याच रानाच्या कुशीत राहणारा माणूस मात्र टोपली विणण्यासाठी दोन बांबू आणताना वनरक्षकाच्या मर्जीकडे पाहत राहिला. ‘सार्वजनिक’ म्हणविणाऱ्या जमिनीवर जनतेतील सर्वांत दरिद्री माणूस चोर ठरावा, हे विचित्र नव्हे काय?

अशा वेळी आपल्यासारख्यांना दया सुचते. दया वाईट नाही, पण ती न्यायाची जागा घेऊ लागली की घोटाळा होतो. लेवीय ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायात शेतकऱ्याला आज्ञा आहे की, कापणी करताना शेताचे कोपरे कापू नयेत, गळालेले दाणे वेचू नयेत. ते गरिबाचे व उपऱ्याचे आहेत. तेथे धन्याच्या औदार्याचा प्रश्नच नाही. कोपरा राखणे हे त्याचे कर्तव्य आहे, कारण जमीन मुळात परमेश्वराची. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही १९६५ साली हेच तत्त्व आधुनिक भाषेत मांडले: पृथ्वीवरील संपत्ती सर्व मानवांसाठी निर्मिलेली आहे.

केंद्र सरकारने १९९० साली परिपत्रक काढून वनरक्षणात गावकऱ्यांना सहभागी करून घेतले व उत्पन्नात वाटा देऊ केला. वाटा मिळाला, अधिकार मिळाला नाही. तो २००६ च्या वनहक्क कायद्याने दिला. वनवासी समाजावर ऐतिहासिक अन्याय झाला अशी कबुली त्या कायद्याच्या प्रास्ताविकेतच आहे. राज्यसंस्थेने इतक्या स्पष्टपणे पश्चात्ताप करावा असे प्रसंग थोडेच.

गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचे छोटे गाव आहे. २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरील सामूहिक हक्काचा दस्तऐवज या गावाच्या हाती आला. तरीही बांबू विकायला निघताच वाहतुकीचा परवाना अडला. बांबू हे झाड की गौण वनोपज, असा वाद घातला गेला! वनस्पतिशास्त्र बांबूला गवताच्या कुळात घालते आणि २००६ च्या कायद्यानेही त्याला गौण वनोपज म्हटले आहे. पण सरकारी दप्तराला दोहोंचाही पत्ता नसावा. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन केले. तोड कधी करायची, मजुरी किती द्यायची, माल कोणाला विकायचा हे गाव ठरवू लागले. ज्या बांबूपायी दंड भरावा लागे, त्याच बांबूने गावात रोजगार आणला.

हक्क मिळाला की लोक जंगल ओरबाडतील, ही भीती जुनी आहे. गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली तिला शास्त्रीय प्रतिष्ठा दिली: सर्वांचे ते कोणाचेच नाही, म्हणून ते नष्ट होणार. एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषीने जगभरची उदाहरणे तपासून दाखवले की, आपले नियम आपण करणारे आणि पाळणारे समाज सामाईक संपत्ती दीर्घकाळ टिकवतात. २००९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मेंढ्याच्या लोकांनी तर कायदा येण्याच्या कितीतरी आधी स्वतःवर बंधने घालून घेतली होती. मध काढताना झाड तोडायचे नाही, माश्या मारायच्या नाहीत, हाही त्यांचाच रिवाज. थॉमस म्हणतात की, माणूस आपल्या वस्तूची काळजी अधिक घेतो, मात्र तिचा उपयोग करताना त्याने ती सर्वांची समजावी. या वचनाची दोन्ही अंगे आम्हांला येथे एकत्र दिसतात. ज्याच्या हाती काहीच नाही त्याला ‘संयम बाळग’ असे सांगणे निरर्थक आहे. चोराला संयमाचा उपदेश करता येत नाही. तो घाईतच असतो.

सारेच गोड आहे असे नाही. तेंदूपत्त्याचा हंगाम उन्हाळ्यातील मोजक्या आठवड्यांचा, आणि पान तोडून वाळवल्यावर ठेकेदाराने भाव पाडला तर गाव अडचणीत येते. हिशेब ठेवणे, निविदा काढणे ही कामे दोनचार शिकलेल्या तरुणांच्या हाती जातात आणि त्यांतून नवे साहेब निपजू शकतात. बाहेरचा मालक जाऊन आतला यावा, याला न्याय म्हणता येत नाही. मेंढ्याच्या ग्रामसभेत निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. एका बाईचा विरोध असला तरी विषय पुढे ढकलतात. वेळ फार जातो हे खरे. आमच्या धर्मग्राम समितीची बैठक तासाभरात आटोपते, त्याचे कारण कदाचित वेगळे असेल.

पुढे २०१३ साली त्या गावाने ग्रामदान कायद्याखाली आपल्या खासगी शेतजमिनीही ग्रामसभेकडे सोपवायचे ठरवले. रान सामाईक असावे हे आपण वसईकर सहज मान्य करू, कारण ते आपले नव्हते. वाडीतले बावखल मात्र एकेकाळी सामाईक होते. त्यात कोणाचा किती हिस्सा, हे विचारण्याची वेळ ते बुजवून विकायला काढले तेव्हाच आली.