‘क्वाइट’ म्हणजे कितपत?

भाची लंडनला एम.ए. करते. पहिल्या निबंधावर प्राध्यापकांचा ‘क्वाइट गुड’ असा शेरा आल्याचं तिने कळवलं आणि मी हौसेने पेढे आणले. रात्री तिचा फोन. “मामा, पेढे कसले वाटतोस? इथे त्याचा अर्थ ‘ठीक आहे, चालेल’!”

शाळेत आमच्याकडून ‘क्वाइट’ म्हणजे ‘अगदी’ असं घोकून घेतलं होतं. तेही खोटं नव्हतं. ‘क्वाइट इम्पॉसिबल’ म्हणजे अगदी अशक्यच. ज्या गुणाला पायऱ्या नाहीत, तिथे हा शब्द माप शिगोशीग भरतो. चांगलं, थंड, महाग अशा कमी-जास्त होणाऱ्या गुणांपुढे आला, की ब्रिटिश माणसाचा हात आखडतो. अमेरिकन तिथेही सढळ. न्यूयॉर्कच्या शेऱ्यावर पेढे खपले असते.

हे आखडतं माप कधी महागातही पडतं. एप्रिल 1951 मध्ये कोरियात इम्जिन नदीवर ब्रिटिश ब्रिगेड चिनी सैन्याच्या कचाट्यात सापडली. ब्रिगेडियर टॉम ब्रॉडी यांनी अमेरिकन वरिष्ठांना परिस्थिती ‘जरा बिकट’ असल्याचं कळवलं आणि पलीकडे त्याचा अर्थ ‘निभावून नेतील’ असा लागला, असं सांगतात. ग्लॉस्टरशायर रेजिमेंटची जवळजवळ अख्खी पलटण मारली गेली किंवा कैद झाली.

‘क्वाइट’ची खरी गंमत त्याच्या कुळीत आहे. क्विट, क्वाएट, क्वाइट या ज्या तिघांच्या स्पेलिंगपायी आम्ही छड्या खाल्ल्या, ते एकाच लॅटिन ‘क्विएटुस’चे वंशज. मूळ अर्थ निवांत. देणं फिटलेला माणूस निवांत असतो, म्हणून पुढे ऋणमुक्त. इंग्लंडच्या खजिन्यात हिशेब चुकता झाला की हाच लॅटिन शब्द नोंदवत. हॅम्लेटच्या प्रसिद्ध स्वगतात तो आयुष्याचा हिशेब मिटवण्यासाठी येतो. आपल्याकडची फारखतच ती. बाकी काही उरली नाही, म्हणून ‘पूर्णपणे’. ‘बऱ्यापैकी’ हा अर्थ रुळला थेट 19व्या शतकात. म्हणजे बेबाक झालेल्या खात्यावर पुन्हा बाकी निघाली!

इंग्रजांना हसायला आपण तरी कुठे सोवळे? जुन्या मराठीत ‘बरवा’ म्हणजे सुंदर. त्याच घरातल्या ‘बरा’ची आजची कळा पाहा. पुण्यात ‘नाटक बरं आहे’ म्हणजे तिकिटाचे पैसे अगदीच पाण्यात गेले नाहीत, एवढंच. पण ‘च’ लावला की तोच शब्द ऐसपैस होतो: बराच वेळ, बरेच लोक. आणि कोकणीत ‘बरें’ म्हणजे चांगलंच. आभार मानायचे तर ‘देव बरें करूं’ म्हणतात.

आमच्या घरी आमटी ‘बरी झालीय’ म्हटलं, की बायको न बोलता वाटी उचलते. एकदा फोंड्याला एका घरी हुमण चाखून मी सवयीने तेवढंच म्हणालो. यजमानीणबाईंनी हसत आणखी एक डाव वाढला.