आरोच्या भोवतीची गावं

1954 साली नायजेरियातल्या अबेओकुटाजवळच्या आरो मनोरुग्णालयाची धुरा डॉ. थॉमस अदेओये लाम्बो यांच्याकडे आली, तेव्हा इमारत अजून पुरी व्हायची होती. रुग्ण मात्र थांबणार नव्हते. इंग्लंडमध्ये शिकून आलेले, तिशीतले लाम्बो आसपासच्या गावांतल्या वडीलधाऱ्यांकडे गेले आणि रुग्णांना घरात भाड्याने जागा द्या, म्हणून त्यांचं मन वळवलं. रुग्णाबरोबर घरचं एक तरी माणूस राहायला हवं, ही अट होती. ते माणूस रांधायचं, कपडे धुवायचं, सकाळी रुग्णाला दवाखान्यात आणायचं आणि दुपारी परत न्यायचं. दवाखान्यात औषधं होती, विजेचे झटके होते, त्या काळचे सगळे उपचार होते. उरलेला दिवस गावाचा.

हे सोपं वाटतं, पण तो काळ आठवावा. इंग्रजी अमदानीतली वेड्यांची इस्पितळं मुख्यतः कोंडून ठेवण्यासाठी होती. केनियात काम केलेले डॉ. कॅरदर्स यांनी तर आफ्रिकी माणसाची तुलना मेंदूच्या पुढच्या भागावर शस्त्रक्रिया झालेल्या युरोपीय माणसाशी केली होती, आणि 1953 साली त्यांचं आफ्रिकी मनावरचं पुस्तक खुद्द जागतिक आरोग्य संघटनेने छापलं. लाम्बोंनी या मताला लेखांतून उत्तर दिलं. त्याहून मोठं उत्तर आरोच्या गावांत मिळत होतं. ज्या समाजाला मनच धड नाही असं म्हटलं जात होतं, त्याच समाजाच्या ओसरीवर रुग्ण बरे होत होते.

लाम्बोंनी पुढे योरुबा समाजातल्या पारंपरिक उपचारकांनाही कामात घेतलं. रुग्णांचे सामूहिक कार्यक्रम ते सांभाळत आणि आजाराचा अर्थ घरचे कसा लावतात, हे डॉक्टरांना सांगत. मला लाम्बोंचं नेतृत्व इथे दिसतं. परंपरेचं कौतुक कुणीही करतं. तिच्या माणसाला आपल्या शेजारी बसवून त्याचं म्हणणं उपचारात धरायचं, तर स्वतःच्या अधिकारातला वाटा द्यावा लागतो. परदेशी पदवीने मिळालेली पत लाम्बोंनी त्यासाठी वापरली. गावांवरही नुसता भार टाकला नाही. भाड्याचं उत्पन्न गावकऱ्यांचं होतं, आणि पाणी, डासांचा बंदोबस्त, स्वच्छता यांत रुग्णालय लक्ष घालत होतं. शेजाऱ्याची माया गृहीत धरून चालवलेल्या योजना फार टिकत नाहीत, असं मला वाटतं.

संस्कृतीचा मान राखायचा म्हणजे चालत आलेलं सगळं चालू द्यायचं, असं मात्र नव्हे. तमिळनाडूतल्या एरवाडीत दर्ग्याच्या आसऱ्याने मनोरुग्णांसाठी खाजगी निवारे उभे राहिले होते. 6 ऑगस्ट 2001 च्या पहाटे त्यांतल्या एकाला आग लागली आणि 28 माणसं गेली. साखळदंडांत असल्यामुळे त्यांना पळता आलं नाही. श्रद्धेने तिथे गेलेल्या कुटुंबांना मी दोष देणार नाही. दुसरं दार त्यांना कुणी दाखवलं होतं? पण साखळी ही साखळीच. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने ती निषिद्ध ठरवली आहे. दर्ग्याशी बोलायचं आणि साखळीला नाही म्हणायचं, ही दोन्ही कामं एकाच माणसाला करावी लागतात. फक्त पहिलं करणारा लोकप्रिय होतो, फक्त दुसरं करणाऱ्याकडे रुग्ण फिरकत नाहीत.

आपल्या देशातही लाम्बोंच्या जातीची माणसं झाली. त्याच दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयाचे प्रमुख डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकून रुग्णांच्या नातेवाइकांना राहायला बोलावलं. घरच्यांशी ते धर्मकथांच्या आधाराने आजाराबद्दल बोलत. रुग्ण बरा होऊन घरी जाई तेव्हा त्याला सांभाळायला शिकलेलं माणूस सोबत असे.

आणि अगदी आपल्या घरातलं उदाहरण अमरावती जिल्ह्यातलं आहे. शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या या भागातल्या 30 गावांत ‘संगत’ या गोव्यात सुरू झालेल्या संस्थेने ‘विश्राम’ प्रकल्प राबवला. गावपातळीवरचे आरोग्य कार्यकर्ते आणि प्रशिक्षित समुपदेशक लोकांना भेटत, गरज पडल्यास मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवत. नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण अठरा महिन्यांत 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेलं. डॉक्टरांनी आपल्या कामाचा मोठा भाग दुसऱ्यांच्या हाती दिला होता.

यातलं अवघड काम प्रकल्पाचा निधी संपल्यावर सुरू होतं. आशाताईंवर आजही कामांची यादी वाढते आणि त्या मानधनावरच राहतात. मनाच्या आजाराचं काम त्यांच्याकडे सोपवायचं असेल, तर त्यांना पगार हवा, अडचणीच्या वेळी फोन उचलणारा तज्ज्ञ हवा, आणि जिल्ह्याच्या बैठकीत खुर्ची हवी. ती खुर्ची देण्याचा अधिकार ज्यांच्या हाती आहे, त्या प्रत्येक जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याकडे माझी ही मागणी आहे.