जात्याला दुसरा हात

आषाढी झाली की पालख्या पंढरपूरहून आपापल्या गावी परततात. अरणची तऱ्हा मात्र उलटी. सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातल्या या गावी खुद्द विठ्ठलाची पालखी पंढरपूरहून येते, सावता माळ्यांना भेटायला. निमित्त त्यांच्या पुण्यतिथीचं. आषाढ वद्य चतुर्दशीला, शके १२१७ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९५ साली त्यांनी देह ठेवला. सावता माळी कधी पंढरीला गेलेच नाहीत, असं परंपरा सांगते. पंढरपूर काही काशी-रामेश्वराइतकं लांब नव्हतं. पण मळ्याला पाणी द्यायचं असायचं, वाफ्यात तण माजलेलं असायचं, आणि भाजी काही एकादशीसाठी थांबत नाही.

न गेल्याची खंत त्यांच्या अभंगांत शोधूनही सापडत नाही. आपल्या वाफ्यातली भाजी आणि विहिरीवरचं पाणी काढायचं सामान हीच आपली पंढरी, असं ते मोकळेपणाने सांगतात. ज्या संप्रदायाचं नावच वारीवरून पडलं, त्याने वारी न करणाऱ्या माळ्याला संतांच्या मांदियाळीत बसवलं आणि वर देवालाच त्याच्या दारी पाठवलं, याचं नवल आज कुणाला फारसं वाटत नाही. वाटायला हवं. रोजच्या कामात देव आहे की काम संपल्यावर देव आहे, या जुन्या वादात वारकऱ्यांनी दिलेला हा निकाल आहे, आणि तो दर वर्षी पालखीतून वाजतगाजत जाहीर होतो.

सावता माळी एकटे नव्हते. नामदेव शिंपी, गोरोबा कुंभार, नरहरी सोनार, सेना न्हावी अशी ही सगळी आपापल्या धंद्याची माणसं. त्यांच्या अभंगांत मूस, आरसा, सुई, माती येते ती सजावट म्हणून येत नाही; दिवसभर हातात जे असतं तेच तोंडी येतं. गोरोबांची एक गोष्ट कीर्तनात हमखास रंगते. संत जमले होते. कोपऱ्यातलं थापटणं बघून मुक्ताबाईने विचारलं, हे कशाचं? मडकं कच्चं की पक्कं ते पारखायचं, असं कळल्यावर ती म्हणाली, मग आमचीही पारख होऊ द्या. गोरोबा प्रत्येकाच्या डोक्यावर थापटणं मारत निघाले. सगळे गप्प बसले, नामदेव तेवढे कुरकुरले. ते कच्चं मडकं ठरलं. त्या अपमानातून नामदेव औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे गेले आणि गुरू करून आले. गंमत बघा, अध्यात्माची परीक्षा घ्यायला इथे ना पंडित लागला ना पोथी. कुंभाराच्या हाताची सवय पुरली.

या समजुतीला शास्त्राचा आधार ज्ञानेश्वरीत मिळतो. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली सिद्ध झालेल्या या ग्रंथाच्या अठराव्या अध्यायात आपलं विहित कर्म हीच देवाला वाहायची फुलं, असा विचार येतो. पुढे १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे दर रविवारी कैद्यांना गीता सांगत, आणि साने गुरुजी ते उतरवून घेत. त्याची 'गीता प्रवचने' झाली. तिथेही विनोबांनी दाखले दिले ते याच संतांचे, आपापला धंदा करता करता पलीकडचं बघायला शिकलेल्यांचे.

इथपर्यंत सगळं गोड आहे. पण या परंपरेने आपल्या पोटात एक भयंकर गोष्टही सांभाळून ठेवली आहे, आणि ती वगळून गोरोबांचं नाव घेणं म्हणजे लबाडी. तेरला गोरोबा नामाच्या तंद्रीत चिखल तुडवत होते. बायको पाणी आणायला गेलेली. रांगतं पोर बापाकडे आलं आणि त्या चिखलात पायाखाली तुडवलं गेलं. बापाला पत्ता नाही. पुढे पंढरीच्या कीर्तनात पोर परत मिळतं, पण ऐकणाऱ्याच्या मनात राहतो तो चिखलच. हीच कथा भक्तीच्या पराकोटीचा नमुना म्हणून सांगतात. तिच्याकडे इशारा म्हणूनही बघता येतं. हात कामात आणि मन भलतीकडे, याला रोजच्या जगण्यातलं अध्यात्म म्हणायचं का? सावता माळ्यांचं मन वाफ्यात होतं. गोरोबांचं त्या दिवशी तरी मातीत नव्हतं. दोघांनाही संत म्हणणाऱ्यांना हा फरक कळत नसेल असं मानायचं कारण नाही. त्यांच्याही घरी, त्या काळी घरोघर होतं तसं, पोरं कामाच्या पायांतच वाढत.

या सगळ्यांत जनाबाईची गोष्ट वेगळी, आणि प्रस्तुत प्रश्नावर सर्वांत जास्त बोलणारी. गंगाखेडची ही मुलगी लहानपणीच पंढरपूरला नामदेवांच्या वडिलांच्या, दामाशेटींच्या घरी दासी म्हणून राहिली. सावता माळ्यांना मळा तरी स्वतःचा होता. जनीचं काम दुसऱ्याच्या घरचं. दळण, कांडण, पाणी, धुणं, शेण, गोवऱ्या. तिच्या कथांमध्ये विठ्ठल येतो तो प्रवचन करायला येत नाही. तो तिच्याबरोबर दळायला बसतो, शेणी वेचतो, तिच्या केसांतल्या उवाही काढतो. पंढरपूरजवळ गोपाळपूरला तिचं म्हणून जातं दाखवतात, आणि वारीला आलेल्या बायका त्याच्या खुंट्याला हात लावल्याशिवाय सहसा पुढे सरकत नाहीत.

जातं ज्यांनी ओढलं आहे त्यांनाच या कथेची खोली पुरती कळेल. खाली तळी, वर पाळ, मधल्या तोंडात मुठीमुठीने वैरण घालायची. उजव्या हाताने खुंटा ओढत राहायचा, डाव्याने धान्य सोडायचं. वैरण जास्त पडली की भरडा येतो, कमी पडली की दगडावर दगड घासतो आणि पिठात कच लागते. घरच्या भाकऱ्यांपुरती ज्वारी दळायची तर पहाटे अंधारात उठावं लागे. खांदा भरून येई. पण समोर दुसरी बाई बसली, एकाच खुंट्यावर दोघींचे हात पडले, की निम्मा भार उतरतो आणि जातं हलकं फिरतं. ओवी सुचते ती तेव्हा. जनीसमोर दुसरी बाई नव्हती. तिथे तिने देवाला बसवलं.

तुझं दळण म्हणजेच माझी पूजा, असं जनीचा विठ्ठल सांगत बसत नाही. तसं सांगणं सोपं होतं. पूजा झाली असती आणि दळायचं तिलाच राहिलं असतं. तो खुंटा धरतो. रोजच्या कामाला अर्थ देणाऱ्या सगळ्या कल्पनांत ही एक कल्पना अशी आहे, की जिच्यात काम करणाऱ्याचे कष्ट खरोखर कमी होतात.

महाराष्ट्रातल्या बायकांनी ही गोष्ट अचूक हेरली. हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे, पुढे पुण्यात स्थायिक झालेले गी प्वातवां यांनी १९८० च्या दशकापासून गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हजाराहून अधिक गावं, एक लाखाहून अधिक ओव्या. २०१७ पासून 'परी' म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडियाने त्यांतल्या कितीतरी ओव्या गाणाऱ्यांच्या आवाजांसह लोकांसमोर आणल्या. त्यांत जनी आणि विठ्ठल पुन्हा पुन्हा भेटतात. विठ्ठल रुसतो, रखुमाईला जनीचा हेवा वाटतो, जनी देवाला घरच्या माणसासारखी हाक मारते. जात्यालाच देव म्हणून त्याच्यापुढे मन मोकळं केलेल्या ओव्याही आहेत, कारण सासरी दुसरं कुणी ऐकून घेणारं नसे. त्यात भक्ती आहे तशी सासूची तक्रार आहे, माहेरच्या वाटेकडे लागलेले डोळे आहेत, मेलेल्या लेकीचं दुःख आहे. आजच्या शहरी अध्यात्माला हवी असते तशी शांत, निवांत, तक्रारमुक्त वृत्ती इथे शोधणाऱ्याच्या पदरी निराशाच येईल.

गावात पिठाची गिरणी आली आणि जातं कोपऱ्यात गेलं. आता ते लग्नाच्या हळदीला बाहेर येतं. खुंट्याला सुपारी-हळकुंड बांधून सवाष्णी चार फेरे ओढतात आणि फोटो निघतात. ओव्या थांबल्या याची हळहळ वाटणं साहजिक आहे. ज्यांनी वर्षानुवर्षं दळलं त्यांना गिरणीचा राग आल्याचं मात्र फारसं ऐकू येत नाही. दळण गेलं तरी बाकीचं घरकाम कुठे गेलं? सरकारने २०१९ मध्ये देशभर केलेल्या वेळेच्या वापराच्या पाहणीत असं दिसलं, की बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जातो. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटं. 'आईच्या हातच्या जेवणात देव असतो' असं वाक्य ऐकलं की हा आकडा जवळ ठेवावा.

कारण रोजच्या कामात अर्थ आहे हे कोण कोणाला सांगतंय, यावर बरंच काही ठरतं. सावता माळ्यांनी ते स्वतःच्या मळ्याबद्दल सांगितलं. तेच वाक्य मालकाने गड्याला सांगितलं की त्याची जात बदलते. अस्पृश्य गणल्या गेलेल्या संत चोखामेळ्यांचं उदाहरण समोर आहे. मंगळवेढ्याला वेशीच्या बांधकामावर राबताना भिंत कोसळली आणि इतर मजुरांबरोबर तेही गाडले गेले. साल १३३८. नामदेव तिथे गेले आणि ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आलं त्या चोखोबांच्या म्हणून पंढरीला घेऊन आले, असं कथा सांगते. समाधी बांधली ती महाद्वाराबाहेर. आत जायची मुभा जिवंतपणी नव्हती, अस्थींनाही मिळाली नाही. त्यांच्या मुलाने, कर्ममेळ्याने, आपल्या अभंगांतून देवालाच धारेवर धरलं आहे. अशा जन्मात घालून वर भक्ती मागतोस, हे तुला शोभतं का, अशी त्याची तक्रार. वारकऱ्यांनी त्याचेही अभंग जपले, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवं. विठ्ठल मंदिराचं दार दलितांना उघडण्यासाठी मात्र १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. पुढच्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यांच्या इतिहासावरचा आपला ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांच्या स्मृतीस अर्पण केला.

नेमून दिलेल्या कामाला पवित्र म्हणणं आणि स्वतःहून ते काम उचलणं यांतलं अंतर विसाव्या शतकात काही माणसांनी अंगावर घेऊन दाखवलं. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगे महाराज (१८७६–१९५६) गावात शिरले की आधी खराटा हातात घेत. गाव झाडून झालं की रात्री कीर्तन. त्यांनी पंढरपुरात चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधली आणि ती आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. विनोबाही नुसतं सांगून थांबले नाहीत. १९४६ च्या सुमारास ते पवनारहून रोज खांद्यावर फावडं घेऊन सुरगावला चालत जात आणि उघड्यावरच्या मैल्यावर माती टाकून येत.

त्यांच्याइतकंच, किंबहुना जास्तच, आठवावं असं नाव म्हणजे अप्पासाहेब पटवर्धन, कोकणचे गांधी. धुळ्याच्या तुरुंगात गीता प्रवचनं झाली त्याच वर्षी ते रत्नागिरीच्या तुरुंगात होते. मैलासफाईचं काम तिथे ठरावीक जातींच्या कैद्यांकडेच असे. अप्पासाहेबांनी ते मागितलं. ब्राह्मण कैद्याला हे काम देता येत नाही, असं उत्तर मिळालं. तेव्हा त्यांनी अन्न तोडायला सुरुवात केली, आणि डिसेंबर १९३२ मध्ये येरवड्याच्या तुरुंगात असलेल्या गांधीजींनी त्यांच्या पाठिंब्यासाठी उपोषण धरलं. शेवटी सरकारला नमतं घ्यावं लागलं. मैला उचलायचा हक्क मिळावा म्हणून कुणी जेवण सोडतं, हे आज वाचताना थोडं विक्षिप्तच वाटतं.

विक्षिप्तपणा तेवढ्यावर थांबला असता तर त्याचीही एक दंतकथा झाली असती. अप्पासाहेबांनी मैला उचलण्याचं गुणगान गायलं नाही. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात त्यांनी मेलेली जनावरं सोलण्यापासून चामडं कमावण्यापर्यंतची कामं स्वतः केली आणि संडासाचे निरनिराळे नमुने करून बघितले. मैला कुणाला हाताने उचलावा लागू नये, त्याचं जागच्या जागी खत व्हावं आणि ते शेतात जावं, अशी त्यांची खटपट होती. त्यातून निघालेला नमुना 'गोपुरी संडास' म्हणून ओळखला जाऊ लागला. खड्डा किती खोल घ्यायचा, माती आणि पालापाचोळा किती टाकायचा, याचा खल त्यांनी गीतेच्या श्लोकावर करावा तितक्या निष्ठेने केला.