चरबीची मेणबत्ती आणि शेजाऱ्याचे मन



घरी मटण आणले, चरबी उरली. ती फेकायची की तिची मेणबत्ती करायची? आणि केलीच, तर ती शेजाऱ्याला काय सांगून द्यायची? पहिला प्रश्न काटकसरीचा आहे, दुसरा सद्सद्विवेकाचा.

आधी कृती पाहू. बोकडाच्या गुर्द्याभोवतीची चरबी सर्वात घट्ट असते. तिचे बारीक तुकडे करून, थोडे पाणी घालून मंद आचेवर वितळवायची व फडक्यातून गाळायची. गार झाल्यावर चरबी वर गोठते, पाणी व गाळ खाली राहतो. दोन-तीनदा असे केले की ती पांढरी होते, वासही कमी होतो. मग सुती वात तिच्यात बुडवायची, गार होऊ द्यायची, पुन्हा बुडवायची. कापूस तर आपल्या खानदेशचाच! मात्र हे काम हिवाळ्यातले. ही चरबी साधारण ४५ अंशांच्या आसपास मऊ पडून वितळू लागते, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा तिथवर चढतो. उभी केलेली मेणबत्ती दुपारी मान टाकते.

युरोपात शेकडो वर्षे गरिबांच्या घरी हाच उजेड होता. तो धूर करी, त्याला वास येई, वात वारंवार कातरावी लागे. वेदीवर मात्र मधमाशांच्या मेणालाच मान होता. पास्काच्या रात्रीच्या उद्घोषणेत मधमाशांच्या श्रमाचा उल्लेख येतो, तो त्यामुळेच. तेव्हा वेदीसाठी काय चालते ते फादरांना विचारावे. घरच्या उजेडाला चरबीची मेणबत्ती लावण्यात पाप नाही. पाच हजारांना जेवू घातल्यावर प्रभूने उरलेले तुकडे गोळा करायला सांगितले, काही वाया जाऊ नये म्हणून. ज्या प्राण्याचा जीव आपल्या ताटासाठी गेला, त्याचे काही वाया न घालवणे हा त्याचाही मान आहे.

आता शेजाऱ्याकडे वळू. नशिराबादसारख्या गावात आपल्या एका बाजूला माळकरी काका असतात, दुसऱ्या बाजूला हलालचा नियम पाळणारे चाचा. नाताळात आपण दोन्ही घरी फराळाचे ताट पाठवतो. त्यात घरची मेणबत्ती ठेवली, तर काकू ती कदाचित देव्हाऱ्यासमोर लावतील. “त्यांना काय कळणार?” असे म्हणून गप्प राहावे का?

आपल्या देशाने या गप्प राहण्याची किंमत मोजली आहे. १८५७ साली नव्या एन्फिल्ड बंदुकीच्या काडतुसांना गाईची व डुकराची चरबी लावल्याची बातमी शिपायांत पसरली. ज्याला हवे ते वंगण त्याने स्वतः लावावे, अशी सवलत सरकारने पुढे दिली; पण तोवर विश्वास उडाला होता. उठावाची कारणे अनेक होती, तरी ठिणगी पडली ती इथेच. पुढे १९८३ मध्ये वनस्पती तुपात परदेशातून आणलेल्या गुरांच्या चरबीची भेसळ उघडकीस आली, तेव्हाही देशभर संताप उसळला. लोकांना सर्वात जास्त झोंबली ती लपवाछपवी.

कोणी म्हणेल, कळलेच नाही तर कोणाचे काय बिघडले? बिघडते. काय स्वीकारायचे आणि काय नाही, हे ठरवण्याचा शेजाऱ्याचा हक्क आपण त्याच्या नकळत काढून घेतो. दुसरा म्हणेल, तो विटाळ आपण मानत नाही, मग आपण का वाकावे? संत पौलापुढे नेमका हाच प्रश्न करिंथमध्ये आला होता. मूर्तींना वाहिलेले मांस खाल्ल्याने काही होत नाही, हे तो जाणत होता. तरीही आपल्या खाण्याने बंधूचे मन अडखळणार असेल, तर मांस सोडायची त्याची तयारी होती. त्याने बंधूचे मत स्वीकारले नाही. त्याचे मन जपले. बंधूसाठी जे लागू, ते शेजाऱ्यासाठीही लागू नाही का?

दुकानातल्या मेणबत्तीबद्दल तरी आपल्याला कुठे सगळे ठाऊक असते? ती बहुधा खनिज तेलापासूनच्या पॅराफिनची असते; पण ती कडक व्हावी म्हणून घातले जाणारे स्टिअरिक ॲसिड पामतेलाचे असू शकते, तसेच जनावराच्या चरबीचेही. ते सांगणे बनवणाऱ्याचे काम आहे. पण जी वस्तू आपण स्वतः केली, तिच्याबाबत ‘माहीत नव्हते’ म्हणायची सोय आपल्याला नाही.

म्हणून एवढेच करावे. चरबीची मेणबत्ती आपल्या घरी खुशाल लावावी. देताना वा विकताना आधी सांगावे, “काकू, ही बोकडाच्या चरबीची आहे, चालत नसेल तर दुसरी देतो.” त्यांनी नको म्हटले, तर राग मानू नये. दुकानातली साधी मेणबत्ती त्याच प्रेमाने पुढे करावी. जो उजेड आपण दुसऱ्याच्या घरी पाठवतो, तो कशाचा आहे हे आपल्याला उजळ माथ्याने सांगता आले पाहिजे.